उसवताना दोरा जाऊ द्या, कापड वाचवा: बिघडलेल्या गोधडीची दुरुस्ती

शिवता शिवता चूक दिसली की हात लगेच कात्रीकडे जातो. तो थांबवा. आधी गोधडी जमिनीवर पूर्ण पसरा, चारी कोपरे सरळ करा आणि उभं राहून बघा. मांडीवर घेतलेल्या गोधडीत चूक आहे त्यापेक्षा मोठी दिसते. ती सुरू कुठून झाली, हेही मांडीवर कळत नाही. दोरा सुटला एका ठिकाणी आणि चुणी पडली दोन वीत पुढं, असं नेहमी होतं. मूळ जागा सापडली नाही तर उसवलेलं सगळं वाया जातं.

मी कराडजवळ राहते. लोकांच्या घरची जुनी पातळं, लुगडी, धोतरं घेऊन त्यांच्या गोधड्या शिवून देते. काही हातानं शिवते, काही पायमशीनवर. अर्धवट शिवून अडलेल्या गोधड्याही माझ्याकडे बऱ्याच येतात. कुणी हौसेनं आईच्या साड्यांची गोधडी घातलेली असते आणि मध्येच झोळ पडल्यानं ती गुंडाळून कपाटात ठेवलेली असते. अशी गोधडी समोर आली की मी एकच विचार करते. दोऱ्याचं रीळ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, पण आईचं पातळ कुठल्याच दुकानात मिळत नाही. उसवताना दोऱ्याचे शंभर तुकडे झाले तरी चालतील, कापडाचा एक धागाही तुटता कामा नये. खाली जे सांगितलंय ते सगळं याच हिशेबानं आहे.

उसवायचं की राहू द्यायचं

प्रत्येक चूक उसवायची नसते. चुकीमुळं गोधडीची पकड जाते का, हे मी बघते. जोडाला शिलाईची मार्जिन एका सुतापेक्षा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षा, कमी राहिली असेल तर तो जोड उसवायलाच हवा, कारण दोन-चार धुण्यांत तो तिथून उकलणार. टाका वरच्या दोन थरांतून गेलाय आणि खालचा थर सुईत आलाच नाही, तर तेही उसवायचं. मागच्या बाजूला कापड दुमडून टिपेत अडकलं असेल तरी उसवायचं. अंथरल्यावर ती घडी अंगाला टोचते आणि कापड घासून पहिल्यांदा तिथंच विरतं.

धावदोऱ्याची रांग अर्धं बोट वाकडी गेली, टाके कुठं लहान कुठं मोठे पडले, मध्ये दोऱ्याची छटा बदलली, असलं काही मी उसवत नाही. सुती गोधडी पहिल्या धुण्यात थोडी आटते, टाक्यांभोवती कापड फुगतं आणि रांगेचा बारीक वाकडेपणा त्यात मुरून जातो. ठरत नसेल तर गोधडी दोरीवर टाका आणि दहा-बारा पावलं मागं जाऊन बघा. चूक शोधावी लागत असेल तर राहू द्या.

तुकडे जोडून वरचा थर केला असेल तर एक चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि मोजल्यावरच कळते. शिलाई दोन सूत, म्हणजे पाव इंच आत घ्यायची असते. ती अर्धं सूत जास्त आत गेली तर एका जोडाला काहीच कळत नाही. पण जोडाला दोन बाजू असतात, म्हणजे दर जोडाला एक सूत कापड खाल्लं गेलं. एका ओळीत बारा तुकडे असतील तर अकरा जोड आले, आणि ती ओळ जवळजवळ दीड इंचानं आखूड झाली. मग शेजारच्या ओळीशी ती जुळत नाही. ताणून जुळवली तर सगळा थर वाकडा होतो. अशा वेळी अकराही जोड उसवायची गरज नसते. दीड इंच भरून काढायला ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक पट्टी जोडली तरी भागतं. टोकाच्या पट्ट्या मुद्दाम घातल्यासारख्या दिसतात, विशेषतः काठाच्या कापडाच्या असल्या तर. आणि पुढची ओळ शिवायच्या आधी ही ओळ इस्त्री करून मोजा.

रात्रीच्या दिव्यात उसवायला बसू नका. पांढऱ्यावर पांढरा, काळ्यावर काळा दोरा असेल तर दिवसाउजेडीसुद्धा तो नीट दिसत नाही. तेव्हा कापड टेबलाच्या कडेवर ताणून धरा आणि मोबाईलची बॅटरी बाजूनं, अगदी तिरकी लावा. टाक्यांची सावली पडते आणि रांग उठून दिसते.

हातात काय घ्यायचं

सीम रिपर शिलाईच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. त्याला दोन टोकं असतात. एक लांब आणि टोकदार, दुसरं आखूड, त्यावर बहुतेक वेळा लाल मणी असतो. धार असते ती दोघांच्या मधल्या खाचेत. एकेक टाका उचलून कापायचा तर लांब टोक टाक्याखाली घालायचं, दोरा खाचेपर्यंत सरकला की तो आपोआप कापला जातो. दोन कापडं उघडून मधली टीप सलग कापत जायची असेल तर मणी खालच्या कापडाच्या बाजूला ठेवायचा. मणी गुळगुळीत असतो, तो कापडात शिरत नाही. ही सलग कापायची पद्धत नव्या, दणकट सुती कापडावर ठीक आहे. जुन्या पातळावर मी ती कधीच वापरत नाही.

धार बोथट झालेला रिपर बाजूला काढा. दोरा कापला जात नाही म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावला की तो सटकून कापडात घुसतो. अर्धं ब्लेड चिमटीत धरून उसवायची सवय पुष्कळ जणींना आहे. धोतराच्या किंवा विरलेल्या पातळाच्या कापडावर ब्लेड घेऊ नका. दोरा आणि कापड यातला फरक ब्लेडला कळत नाही आणि बोटांनाही तो जाणवत नाही.

याशिवाय बारीक टोकाची छोटी कात्री, एक बोथट जाड सुई, चिकटपट्टी, पाण्याचा फवारा आणि एक लोहचुंबक. चुंबक कशाला ते पुढं येईल.

मशीनची टीप उसवताना

मशीनच्या टिपेत दोन दोरे असतात, वरचा रिळाचा आणि खालचा बॉबिनचा. दोन्ही एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळं एका बाजूचा दोरा थोड्या थोड्या अंतरावर कापला की दुसऱ्या बाजूचा अख्खा निघून येतो. दर तिसरा किंवा चौथा टाका कापा. सगळे कापायची गरज नाही, आणि दहा टाके सोडून कापलात तर दोरा निघायला अडतो. टाका अडीच मिलिमीटरचा असेल तर एका इंचात साधारण दहा टाके बसतात. म्हणजे पाच फुटांच्या एका रांगेत सहाशे टाके आणि दीडशे कापण्या. अर्ध्या तासाचं काम समजून निवांत बसा.

कापायचं कुठल्या बाजूनं? ज्या बाजूचं कापड दणकट आहे त्या बाजूनं. वर आजीचं विरलेलं पातळ आणि खाली नवं मांजरपाट असेल तर रिपर खालच्या बाजूनं चालवा. चुकून टोक घुसलंच तर मांजरपाटात घुसेल. मग गोधडी उलटी करून वरचा दोरा हलकेच ओढा, कापडाला समांतर. सरळ वर ओढलात तर कापडही वर उचललं जातं आणि भोक मोठं होतं. दोरा अडला तर ओढू नका, मागं जाऊन तिथला एक टाका कापा.

दोन तुकड्यांचा जोड उसवताना तुकडे दोन्ही हातांनी धरून टराटरा फाडायची पद्धत काही शिंपी वापरतात. नव्या पॉपलिनवर ते खपून जातं. तिरप्या कापलेल्या, म्हणजे उरेब तुकड्यांवर मात्र हे अजिबात करू नका. उरेब कडा ओढली की लांबते आणि परत जोडताना तुकडा शेजारच्यापेक्षा मोठा भरतो. अशी कडा लांबलीच असेल तर तुकडा ओला करून, ओढ न देता वरून इस्त्री नुसती दाबा, सरकवू नका. बरीचशी जागेवर येते.

उसवून झालं की दोऱ्याचे बारीक तुकडे राहतात. चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून त्यावरून फिरवा, किंवा ओला हात एकाच दिशेनं फिरवा. ते तसेच ठेवून वरून शिवलं तर नव्या टाक्यात अडकतात आणि जुना दोरा केसासारखा बाहेर डोकावत राहतो.

आता भोकं. मशीनच्या सुईचा १४ नंबर म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडीची सुई, पाकिटावर ९०/१४ असं छापलेलं असतं. १६ नंबरची बरोबर एक मिलिमीटर. सुती कापडात हे भोक म्हणजे बहुतेक वेळा नुसते बाजूला सरकलेले धागे असतात. पाण्याचा फवारा मारा, नखानं आधी आडवं आणि मग उभं हलकं खरवडा, आणि वाफेची इस्त्री द्या. धागे परत जागेवर येतात. रेशमात ही भोकं तशीच राहतात. म्हणून इरकलीचा रेशमी पदर किंवा खणाचा तुकडा गोधडीत घालणार असाल तर तिथं आधी लांब कच्चा टाका घालून बघा आणि सगळं मनासारखं जुळल्यावरच टीप मारा. जरीच्या काठावर तर रिपर नकोच. जरीच्या धाग्यावरचा पत्रा त्याच्या टोकाला अडकून उलगडत जातो. मागच्या बाजूनं कात्रीच्या टोकानं एकेक टाका कापा.

एकाच रेषेवर टीप मारायची, उसवायची, परत मारायची, हे जुन्या कापडावर फार वेळा करता येत नाही. त्या जागी पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची ओळ तयार होते आणि कापड बरोबर त्याच ओळीवर फाटतं. दुसऱ्यांदा टीप मारायची झाली तर सूतभर सरकून मारा. तिसऱ्यांदा वेळ आलीच, तर मागून इस्त्रीनं चिकटणारं पातळ फ्यूजिंग लावा किंवा पातळाचीच पट्टी ठेवा, आणि मगच शिवा.

एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर निम्मं उसवणं वाचेल. गोधडीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनला दोष देतात. पण खाली जाळं होतं ते बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळं. तो दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. मशीनचा पाय, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा तुकडा, वर उचलला की चकत्या सैल होतात आणि दोरा आत बसतो. पाय खाली असताना ओवलात तर दोरा चकत्यांच्या वरून नुसता घसरत राहतो. म्हणून दोरा ओवताना पाय नेहमी वर ठेवा. जाळं झालंच तर गोधडी ओढू नका. हातचाक फिरवून सुई वर घ्या, पाय उचला आणि कापड आणि सुईखालचा पत्रा यांच्यामध्ये कात्री आडवी सरकवून खालचे दोरे कापा. मग वरून सुटं करा.

हातचा धावदोरा

हातानं शिवलेलं उसवणं सोपं, पण चुका इथंच जास्त होतात, कारण दोरा एकच असतो आणि तो सरळ ओढून काढायचा मोह होतो. पाच फुटांचा दोरा चार थरांतून सर्रकन ओढला तर तो प्रत्येक भोकात करवतीसारखा घासत जातो. बोथट सुईनं दर वीतभर अंतरावर एक टाका उचला, कात्रीनं कापा आणि वीत-वीतभराचे तुकडे काढा. काढलेला दोरा परत ओवू नका. तो पिंजलेला असतो आणि नव्या रांगेत मध्येच तुटतो.

चुकलेली जागा जिथं आहे तिथंच दोरा कापून चालत नाही. जुन्या रांगेचं टोक बांधायला निदान चार बोटं दोरा हातात हवा. तेवढा मिळेपर्यंत चांगले टाकेही मागं उसवत जा. मग ते टोक सुईत ओवून कापडाच्या थरांमधून वीतभर आत फिरवा आणि बाहेर काढून कापा. शेपटी फारच आखूड राहिली आणि सुईत ओवता येत नाही, असं झालं तर आधी रिकामी सुई थरात घाला, नेढं दोऱ्याच्या टोकाशी येईल इतपत. मग तो आखूड दोरा नेढ्यात घाला आणि सुई पुढं ओढून घ्या. दोन बोटं दोरा असला तरी हे जमतं. नवी रांग सुरू करताना जुन्या शेवटच्या पाच-सहा टाक्यांवरून परत टाके घ्या. गाठीपेक्षा ही पकड मला जास्त भरवशाची वाटते.

झोळ

गोधडी बिघडते ती मुख्यतः झोळानं. आपल्याकडची जुनी पद्धत कडेनं सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत जाण्याची. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे तिकडची गोधडीही, अशीच एका कोपऱ्यापासून कडेकडेनं शिवत मध्यापर्यंत नेतात. ही पद्धत सुंदर आहे, कडा आधी बंद झाल्यानं थर सुटत नाहीत. पण थरांत जिथं कुठं जादा कापड असेल ते प्रत्येक फेरीबरोबर आत ढकललं जातं आणि शेवटी मध्यभागी फुगा येतो. कडा तर शिवून झालेल्या, त्यामुळं त्याला बाहेर जायला वाट नसते.

आधी फुगा कुठल्या थरात आहे ते ओळखा. वरून दिसत असेल तर वरचा थर सैल आहे. गोधडी उलटल्यावर दिसत असेल तर खालचा. दोन्हीकडून दिसत नाही पण तळहात फिरवल्यावर वळी लागते, तर आतल्या थराची घडी झालीय. हे एकेक करून न बघता सगळंच उसवायला घेऊ नका.

आतल्या थराची घडी असेल तर मी वाट काढते. घडीपासून जवळच्या कडेपर्यंत, घडी आडवी येईल अशा दिशेनं, घडीच्या लांबीपेक्षा थोडी रुंद अशी पट्टी ठरवायची. खडूनं दोन रेघा मारायच्या. त्या दोन रेघांमध्ये येणारे सगळ्या फेऱ्यांचे टाके उसवायचे, रेघांच्या बाहेरचे, टोकं बांधण्यापुरते सोडून, तसेच ठेवायचे. मग पाटावर सपाट ठेवून तळहातानं जादा कापड घडीपासून कडेकडे सारत न्यायचं. सावकाश, दोन-दोन इंच. कडेशी आलं की तिथली किनार तेवढ्यापुरती उघडायची, बाहेर आलेलं कापड कापायचं आणि किनार परत शिवायची. यानंतर कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवा, मगच उसवलेल्या फेऱ्या जोडा. फेरीचं प्रत्येक तुटलेलं टोक दोन्हीकडं बांधायचं असतं, म्हणून रेघांच्या बाहेर चार-चार बोटं जास्त उसवून टोकं मोकळी करून ठेवा.

फुगा कडेपासून फार लांब, अगदी मध्यभागी असेल तर एवढी लांब वाट काढण्यापेक्षा घडी जागच्या जागी मोडा. घडीच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं जागा उसवा, आणि खालच्या थराचा जवळचा जोड आत हात घालता येईल इतपत उघडा, तो शेवटी परत शिवायचा. आतल्या थराला घडीच्या ओळीवरच काप द्या, दोन्ही काठ एकमेकांवर बोटभर चढवा, वर आलेलं जादा कापड कापून टाका आणि धावदोऱ्यानं जोडा. आतला थर आहे, कुणाला दिसणार नाही.

वरच्या थराचा फुगा मध्यभागी असेल तर मी ठिगळ लावते, आणि हे मी अगदी मनापासून सुचवते. जादा कापडाची एक सपाट चुणी घाला, तुरपाईनं बसवा आणि त्यावर चौकोनी किंवा कोनाचं ठिगळ ठेवून शिवा. मग गोधडीचा तोल राखायला तशीच दोन ठिगळं आणखी कुठं तरी लावा. ठिगळावर ठिगळ चढवत जाणं ही गोधडीची मूळ रीतच आहे.

मशीनवर झोळ वेगळा येतो. सुईखालचे दाते खालचा थर पुढं ओढतात, पाय वरचा थर मागं धरतो, आणि दोन उभ्या टिपांना आडवी टीप भेटते तिथं चुणी पडते. ती मागं पडली तर शिवताना दिसतही नाही. चुणीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच टीप उसवा, कापड हातानं वाटून द्या, टाचण्या लावा आणि परत टीप मारताना जुन्या टिपेच्या शेवटच्या अर्ध्या इंचावरून न्या. चुणी ज्वारीच्या दाण्याएवढी असेल तर उसवू नका, हातानं दोन टाके घालून सपाट बसवा.

हे सगळं टाळायचा उपाय जुनाच आहे. थर पसरताना चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, पाटा असेल तर उत्तमच. मग मध्यापासून बाहेर, चारी दिशांना, चार-चार इंचांवर कच्चे टाके घाला. शिवायचं कडेनं आत असलं तरी कच्चे टाके मध्यापासून बाहेरच. जादा कापड असेल तर ते तेव्हाच कडेला येतं आणि कापून टाकता येतं. नायलॉनची साडी सुती थरांमध्ये घालू नका. ती सरकते आणि कच्च्या टाक्यांनाही दाद देत नाही.

तुकडा उलटा बसला

वरच्या थरातला एखादा तुकडा उलटा किंवा आडवा बसला आणि गोधडी शिवून झाल्यावर लक्षात आलं, तर तो काढून परत बसवायला चारी बाजूंचे जोड आणि शेजारच्या जोडांचाही अर्धा-अर्धा इंच उसवावा लागतो. शिवाय त्यावरून गेलेल्या रांगा वेगळ्या. नुसता वरचा थर झाला असेल, अजून गोधडी घातली नसेल, तर हे जरूर करा. गोधडी पूर्ण झाली असेल तर त्याच कापडाचा नवा तुकडा कापा, चारी कडा पाव इंच मुडपून इस्त्री करा, बरोबर त्या तुकड्यावर ठेवा आणि बारीक तुरपाईनं बसवा. मग आजूबाजूच्या रांगा त्यावरून नव्यानं न्या. खालचा तुकडा तसाच राहू द्या, तिथं एक थर वाढला तर ऊबच वाढते.

रिपरनं कापडाला भोक पडलं तरी हाच उपाय. अगदी बारीक असेल तर मागून फ्यूजिंगचा रुपयाएवढा तुकडा चिकटवून वरून रफू करा. कापडाच्याच कडेचे धागे काढून रफू केलं तर रंग जुळतो.

दुपट्यासाठी वेगळी शिस्त

बाळाच्या दुपट्यात मी चूक राहू देत नाही, पण कारण दिसण्याचं नसतं. उसवल्यावर राहिलेला लांब, सुटा दोरा बाळाच्या बोटाला किंवा पायाच्या अंगठ्याला गुंडाळला जाऊ शकतो. घट्ट बसला तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. म्हणून दुपट्यातली प्रत्येक शेपटी थरांच्या आत, आणि मागच्या बाजूला लोंबणारा एकही दोरा नको. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे जुळवून बघा. टोक सापडलं नाही तर दुपट्यावरून लोहचुंबक फिरवा. तरीही सापडलं नाही तर तेवढा भाग उसवून बघा. यात तडजोड नको.

जुनी गोधडी दुरुस्तीला आली तर

दुसऱ्या कुणी शिवलेली, वापरून मऊ झालेली गोधडी दुरुस्त करताना जुन्या बाईच्या रांगा सरळ करायला जाऊ नका. एका बाजूला रांगा दाट, दुसऱ्या बाजूला विरळ असतात. कुठं पांढरा दोरा संपून लाल लावलेला असतो. हे सगळं जिनं शिवलं तिच्या हाताचं आहे, आणि घरच्यांना तेच हवं असतं. जिथं कापड फाटलंय तिथलेच टाके उसवा, आत पातळाचा तुकडा सरकवा आणि जुन्या रांगांच्या अंतराशी जुळवून नवे टाके घाला. जुने टाके मोठे असतील तर तुमचेही मोठेच घ्या. बारीक, रेखीव टाक्यांची एक चौकट मध्येच उठून दिसली तर गोधडी ठिगळ लावलेली दिसते. आणि विरलेल्या कापडावर बारीक टाके म्हणजे जास्त भोकं, तेवढं कापड आणखी कमकुवत.

रंग आणि पहिलं धुणं

लाल किंवा निळ्या जुन्या पातळाचा रंग शेजारच्या पांढऱ्या तुकड्याला लागला तर ते उसवून सुटत नाही. गोधडी वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच करू नका, उष्णतेनं डाग पक्का बसतो. लगेच भरपूर थंड पाण्यात सोडा, पाणी रंगीत झालं की बदला, निवळ येईपर्यंत बदलत राहा. मिठाच्या पाण्यावर फार भरवसा ठेवू नका. खरी काळजी आधीच घ्यायची. प्रत्येक पातळाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग उतरला तर ते कापड वेगळं धुवा, आणि उतरतच राहिलं तर पांढऱ्याजवळ वापरू नका.

उसवून परत शिवलेली गोधडी पहिल्यांदा हातानंच धुवा. थंड पाणी, साधा साबण, पिळायचं नाही. पाण्यानं जड झालेली गोधडी दोरीवर एका घडीवर टाकली तर सगळा ताण नव्या टाक्यांवर येतो. दोन समांतर दोऱ्यांवर पसरून टाका, किंवा गच्चीत चटईवर सावलीत वाळत घाला. वाळली की मागच्या बाजूनं प्रत्येक उसवलेल्या जागेवरून एकदा बोट फिरवा. कुठं टाका सैल लागला तर तो आत्ताच घट्ट करा, कारण दुसऱ्या धुण्यात तिथूनच रांग सुटायला लागते.